हॉलमधली कोरडी भिंत

ते चित्र आम्ही घेतलं ते नवऱ्याच्या साहेबांमुळे. कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहायला येऊन आम्हाला दुसरं वर्ष लागलं होतं आणि नवऱ्याला कंपनीत नुकतंच वरचं पद मिळालं होतं. त्या निमित्ताने साहेबांनी आम्हा दोघांना घरी चहाला बोलावलं. त्यांच्या हॉलमध्ये सोफ्यामागे एक भलंमोठं अमूर्त चित्र होतं. निळे-काळे पट्टे आणि मध्ये कुणीतरी नखाने खरवडल्यासारखं काहीतरी. नवरा त्याच्याकडे बघत राहिला, तेव्हा साहेबांनी हसत विचारलं, "तुमच्याकडे भिंतीवर काय आहे?"

नवऱ्याने काहीतरी पुटपुटून विषय बदलला.

आमच्या भिंतीवर सासूबाई होत्या.

त्या कराडला वारल्या. त्यानंतर सासऱ्यांना आम्ही इकडे घेऊन आलो, तेव्हा ते हा फोटो विमानात मांडीवर धरून बसले होते. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून सासूबाई तेवढ्या कापून मोठ्या करून घेतलेल्या. हनुवटी वर, नाकात नथ, आणि फोटो काढणाऱ्याचं काहीतरी चुकतंय अशी नजर. चंदनाचा हार घालून त्यांना हॉलमधल्या मधल्या भिंतीवर लावलं होतं. स्वयंपाकघरातून कुठेही जायचं तर त्यांच्या नजरेखालूनच जावं लागे. जिवंतपणी त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए पुण्याची" म्हणायच्या, आणि ते सुद्धा लोक असले की.

सासरे रोज अंघोळ झाली की फोटोसमोर हात जोडून उभे राहत आणि सासूबाईंशी बोलत. रात्री झोप लागली का, पोट साफ झालं का, भाजी कशी झाली होती, सगळं सांगत. भाजीबद्दल सांगताना आवाज जरा चढा असे, स्वयंपाकघरात ऐकू जावा म्हणून.

पुढच्या रविवारी नवरा मला बालीगंजच्या एका गल्लीत घेऊन गेला. जुन्या घराच्या तळमजल्यावर चित्रांचं दुकान होतं. चष्मा डोक्यावर ठेवलेली एक बाई दुकान चालवत होती. मूळ चित्रं आपल्या आवाक्यातली नाहीत हे आम्हाला दारातच कळलं. तिलाही कळलं असावं, कारण तिने आम्हाला सरळ आतल्या खोलीत नेलं. तिथे प्रिंट होत्या. जाड सुती कागदावर छापलेल्या, मोजक्याच प्रती काढलेल्या, खाली कोपऱ्यात चित्रकाराची पेन्सिलने केलेली सही.

"पेन्सिलने?" नवरा मला मराठीत म्हणाला. "उद्या पुसली गेली तर?"

मी तोवर एका चित्रासमोर थांबले होते. राखाडी रंगावर हळदीच्या जुन्या डागासारखा पिवळा पसरला होता, आणि तळाशी एक पांढरी रेघ होती, ती कडेपर्यंत पोहोचायच्या आधीच संपत होती. बस्स, एवढंच. मला चित्रातलं काही कळत नाही. पण त्याच्यासमोर उभी होते तोवर कुणी माझ्याकडून काही मागत नव्हतं. असं मला त्या शहरात आल्यापासून पहिल्यांदा वाटलं.

नवऱ्याला एक लाल चित्र हवं होतं, पण ते साहेबांच्या चित्रापेक्षा मोठं होतं. ते बरं दिसलं नसतं. म्हणून त्याने माझं घेतलं.

फिकट लाकडाची चौकट ठरली, प्रकाश चमकणार नाही अशी काच ठरली. बाईने एकच गोष्ट दोनदा बजावली. "बाहरवाली दीवार पे मत लगाना. कलकत्ते की सीलन है, कागज़ फूल जाएगा, फंगस लगेगा."

परतताना टॅक्सीत नवरा म्हणाला, "बाहेरच्या सगळ्या भिंतींना ओल आहे. कोरडी एकच."

"हं," मी म्हणाले. त्या भिंतीवर काय आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, आणि खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटत होतं.

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधीच ठरलेलं होतं. नवऱ्याने चित्र लावायला नेमका तोच दिवस सांगितला. मी सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात गेले, तो घरी थांबला. संध्याकाळी डोळ्याला पट्टी बांधलेल्या सासऱ्यांना हाताला धरून घरात आणलं, तेव्हा मधल्या भिंतीवर माझं चित्र होतं. सासूबाई जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेल्या होत्या. मिक्सरचं खोकं आणि गणपतीचं मखर यांच्या मधे.

"बाबांना सांगितलंस?" मी नवऱ्याला हळूच विचारलं.

"त्यांना काय दिसतंय? सांगू सावकाश."

पट्टी दुसऱ्या दिवशी निघाली, पण डोळ्याला सूज होती. सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतंय, असं ते म्हणत. डॉक्टर म्हणाले, उतरेल, थेंब घालत राहा, काळा चष्मा काढू नका. डाव्या डोळ्याने तर त्यांना खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं.

त्या सकाळी अंघोळ करून ते भिंत चाचपत हॉलमध्ये आले. सवयीच्या जागी उभे राहिले. काळ्या चष्म्याआडून वर बघत त्यांनी हात जोडले.

"काल नाही आलो गं," ते चित्राला म्हणाले. "डोळा कापला. फार नाही दुखत. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढ्यातेवढ्याला कण्हू नका."

आमची मुलगी आठवीत आहे. ती डायनिंग टेबलाशी दूध पीत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. त्याचे खांदे हलत होते. मुलीने तोंडावर हात दाबला आणि दूध नाकातून बाहेर आलं.

सासरे तिकडे भाजीवर आले होते. "दोडक्याला काही चव नव्हती," ते जरा मोठ्याने म्हणाले.

हे रोज चाललं. मी नवऱ्याला म्हणाले, "पुरे झालं आता. सांग त्यांना."

"तू सांग ना. तुझं चित्र आहे."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो मोबाइल घेऊन सोफ्यावर बसला आणि त्याने सगळं टिपलं. वाकलेली पाठ, जोडलेले हात, राखाडी-पिवळं चित्र, आणि सासऱ्यांचं बोलणं. त्या दिवशी ते नेमके नेहमीपेक्षा जास्त बोलले. इथे कुणाशी बोलायला नाही, खाली बाकावर बसणारे सगळे बंगाली बोलतात, मान हलवून हलवून मान दुखते, असं म्हणाले. तुझ्यामागून लवकर यायला हवं होतं, असंही म्हणाले. नवऱ्याने ते थांबवलं नाही. शेवटपर्यंत घेतलं.

आठवड्याने डॉक्टरांनी डोळा तपासला. सूज पूर्ण उतरली होती. समोरच्या फळ्यावरची सगळ्यात बारीक ओळ सासऱ्यांनी धडाधड वाचली. घरी येताना गाडीत ते लहान मुलासारखे पाट्या वाचत होते. घरात शिरल्यावर त्यांनी चष्मा काढला, चपला काढल्या, आणि सरळ मधल्या भिंतीसमोर गेले.

मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"चित्र आहे, बाबा," मी म्हणाले. "प्रिंट."

"कधीपासून?"

मी शब्द जुळवत होते तेवढ्यात मुलगी खोलीतून बाहेर आली. तिला वाटलं, आता गंमत सांगायची वेळ झाली.

"आजोबा, तुम्ही रोज ह्याच्याशीच बात करत होते! पप्पाने व्हिडिओ पण काढला."

"बघू," सासरे म्हणाले.

तो व्हिडिओ तिच्याही मोबाइलवर होता. तिने उत्साहाने लावून दिला. सासऱ्यांनी मोबाइल त्या नव्या डोळ्याजवळ धरला आणि सगळा पाहिला, अगदी शेवटपर्यंत. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही. मोबाइल परत देत ते म्हणाले, "छान आलाय. स्पष्ट आहे."

त्या संध्याकाळी मी स्टूल घेऊन माळ्यावरून फोटो काढला, पुसला आणि त्यांच्या खोलीत नेला. "इथे लावू का, बाबा? तुमच्या पलंगासमोर?"

ते पलंगावर बसून नखं काढत होते. वर न बघता म्हणाले, "नको. ठेव होता तिथं. तुझी सासू तुला इथे खाली कधी हवीच नव्हती. आता वर गेली आहे तर राहू दे."

मी फोटो परत चादरीत गुंडाळला. ते खोटं बोलले असं मला म्हणता आलं नाही.

पुढच्याच रविवारी दुपारी साहेब आणि त्यांच्या पत्नी आमच्याकडे जेवायला यायचे होते. साहेबांनी मुद्दाम सांगितलं होतं, तुमच्याकडचं काही करा. मी सकाळपासून भरली वांगी, मसालेभात आणि मटकीची उसळ यात अडकले होते. श्रीखंडाचा चक्का रात्रभर टांगून ठेवला होता. नवरा सोफ्याच्या उशा चौथ्यांदा सरळ करत होता. सासरे सकाळी खाली उतरून कुठेतरी जाऊन आले, हातात पिशवी होती. कुणी विचारलं नाही. घरात त्यांच्याशी त्या आठवड्यात कुणी फारसं बोलतच नव्हतं. ते स्वतःही बोलत नव्हते.

साहेबांची गाडी गेटवर आली, तसा नवरा त्यांना घ्यायला लिफ्टने खाली गेला. मी उसळीखालचा गॅस बंद केला, पदर नीट केला, आणि बाहेर आले तर सासरे स्टुलावर चढलेले होते.

त्यांनी चित्राला निशिगंधाचा हार घातला होता. इकडे त्याला रजनीगंधा म्हणतात. लग्नात घालतात, मयतालाही घालतात. काचेवर मध्यभागी, त्या पिवळ्याच्या बरोबर खाली, चंदनाचा टिळा होता. खालच्या टेबलावर उदबत्ती लावलेली होती. सासरे स्टुलावरून सावकाश उतरले, स्टूल उचलून आत ठेवलं, धोतराचा सोगा झटकला आणि खुर्चीवर बसले.

"बाबा, हे काय?" मी म्हणाले.

बेल वाजली.

साहेब आधी आत आले, मागून त्यांची बायको, तिच्या मागे त्यांनी आणलेलं संदेश मिठाईचं खोकं हातात घेतलेला नवरा. उदबत्तीचा वास आल्यावर साहेबांची बायको थबकली. तिने हार बघितला, आणि काही कळायच्या आधीच, सवयीने, चपला काढून चित्राला हात जोडले. साहेबांनीही मान लववली. मग ते सासऱ्यांकडे वळले आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "ये... किसकी याद में?"

सासरे उठून उभे राहिले. त्यांचं हिंदी मोडकं आहे, पण त्या दिवशी एक शब्द अडला नाही.

"हमारा लड़का," ते म्हणाले. "एकही था."

"ओ मा!" साहेबांच्या बायकोने तोंडावर हात नेला. "कब?"

"अभी. मेरे आँख का ऑपरेशन हुआ ना, उसी टाइम गया."

साहेबांनी हळूहळू मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो खोकं धरून तसाच उभा होता. मग तो हसला. ते हसू मी त्याच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं. "बाबा मज़ाक करते हैं, सर," तो म्हणाला. "उमर हो गई है."

"हाँ," सासरे म्हणाले. "हमारे घर में बहुत मज़ाक चलता है. विडियो भी निकालते हैं." आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

साहेब सभ्य माणूस. ते काही बोलले नाहीत. काहीतरी करायचं म्हणून चित्राजवळ गेले, हाराखाली वाकून कोपऱ्यातली सही पाहिली, चष्मा वर करून कागद पाहिला.

"अच्छा," ते म्हणाले. "प्रिंट है."

एवढंच. जेवण झालं. वांग्यांचं कौतुक झालं. साहेबांच्या बायकोने श्रीखंड दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं आजारी माणसाच्या घरी गेल्यावर आपण तिथल्या बाईकडे बघतो. चहा न घेताच ते गेले.

दार लागल्यावर नवऱ्याने हाराला हात घातला.

"काढू नकोस," सासरे खोलीच्या दारातून म्हणाले. "तेरावा व्हायचाय अजून."

"माझ्या साहेबासमोर मला मेलेला म्हणालात तुम्ही!"

"मला दिसत नव्हतं, तर तू मजा बघत बसलास. आता मला दिसतंय. तू बस तसाच."

"आईचा फोटो होता तो फक्त! कागद!"

"आणि हे काय आहे? मखमल आहे? तुझा साहेब काय म्हणाला ते ऐकलंस ना?"

नवऱ्याने हार ओढला तशी चौकट खिळ्यावर तिरकी झाली, फुलं तुटून सोफ्यामागे सांडली. त्याने टिळा बाहीने पुसायला घेतला आणि काचभर फासला. सासऱ्यांनी दार लावून घेतलं. मुलगी रडत होती. कशासाठी ते तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

नंतर मी भांडी आवरत असताना नवरा स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. मला वाटलं, आता मला काहीतरी ऐकवणार. पण तो वेगळंच सांगू लागला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

"नववीत मी नापास झालो होतो. तेव्हा बाबांनी चार ओळखीच्या लोकांना सांगितलं, आमचा मुलगा वारला म्हणून. हसत नाही, गंभीर चेहऱ्याने. त्यातले एक मास्तर होते, त्यांना खरं वाटलं. ते भेटायला आले. दार मीच उघडलं."

"मग?"

"मग काय. मास्तर घाबरले. बाबा म्हणाले, हाच तो, बघून घ्या." त्याने गळणारा नळ घट्ट केला. "आणि आई आत हसत होती. पोट धरून हसत होती. मला ऐकू येत होतं."

मी हात पुसले. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, आणि त्याच वेळी तो व्हिडिओ काढताना कसा बसला होता ते आठवलं. मी हात ठेवला नाही. त्यालाही तो नको असावा. तो गेला.

चित्र तिथेच राहिलं. नवऱ्याने हट्टाने ते सरळ करून पुन्हा लावलं. सासऱ्यांनी हट्टाने त्याच्याकडे बघायचं सोडलं. आणि मला, जिला ते आवडलं म्हणून घेतलं होतं, आता त्यात नापास झालेला मुलगा दार उघडताना दिसतो. ती पांढरी रेघ उंबरठ्यासारखी वाटते. मला तसं बघायचं नसतं, तरी दिसतं.

बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले. जे काही सांगायचं ते मुलीमार्फत. "आजोबांना सांग, गिझर बंद करत जा." "तुझ्या बापाला विचार, पेपरचं शेवटचं पान कुणी नेलं." जेवायला सगळे एकाच टेबलाशी बसत. दोघांच्या मधे हातभर अंतर, आणि तरी निरोप मुलीकडून फिरून जायचा.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची वेळ आली तेव्हा नवरा भात कालवत मुलीला म्हणाला, "आजोबांना सांग, एका डोळ्याने एवढं दिसतंय. दुसरा कशाला? आम्हाला परवडायचं नाही." तो पैशांबद्दल बोलत नव्हता, हे टेबलावर सगळ्यांना कळलं. मुलीने ते शब्द जसेच्या तसे आजोबांना सांगितले. सासरे म्हणाले, "बरं."

दुसऱ्या डोळ्यासाठी मग मीच त्यांना घेऊन गेले. नवऱ्याला विचारलं नाही. ऑपरेशन नीट झालं. परतताना टॅक्सीत ते मागे डोकं टेकून बसले होते. मला वाटलं, काहीतरी बरं बोलतील. निदान माझ्याशी तरी.

"तू का आणलंस मला, ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्याला चिडवायला."

"तुमचा डोळा म्हणून आणलं, बाबा."

"असेल. पण मजा आली ना?"

मी बाहेर बघू लागले. रस्त्यात कुठल्याशा मिरवणुकीसाठी गाड्या थांबवल्या होत्या. त्यांच्या डोळ्यावरच्या पट्टीला ऊन लागत होतं, म्हणून मी माझी ओढणी खिडकीच्या काचेत अडकवली. मजा आली होती. थोडी आली होती.

या सगळ्यात मुलीचं मराठी मात्र झपाट्याने सुधारलं. आधी ती निरोप निम्मे हिंदीत न्यायची, मग दोघेही तिला चुका दुरुस्त करून परत पाठवायला लागले. एकमेकांना काय म्हणायचंय ते नेमकं पोहोचलंच पाहिजे, याबाबतीत दोघांचं एकमत होतं. परवा ती स्वयंपाकघरात आली.

"आई, करंटा म्हणजे काय?"

"कोण म्हणालं?"

"आजोबांनी पप्पांना सांगायला सांगितलंय."

मी पोळी लाटत होते. ज्याच्या हाती चांगलं आलेलं टिकत नाही, असा माणूस, मी तिला सांगितलं.

"म्हणजे अनलकी?"

"त्याहून वाईट."

तिने तो शब्द दोन-तीनदा घोळवून बघितला. ट आणि ठ मध्ये ती अजून गडबडते. मी तिला एकदा नीट म्हणून दाखवला. मग ती हॉलमध्ये गेली, आणि तिने तो अगदी स्वच्छ उच्चारला.